तोंड इकडं कर, मंग बोल

यवतमाळ
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

ताई,

पाया पडले असं समज. सोमवारी जाणारी आणि शुक्रवारी परतणारी देवीलालची औषधांची गाडी उद्या सकाळी फुलसावंगीला निघेल, तिच्याबरोबर हे पत्र येईल. तोवर 'दारचा मोगरा' मालिकेचा सगळा आठवडा तुझा नुसता डोळ्यांनी पाहून झाला असेल. कानाचं मशीन तू डब्यात ठेवून दिलंस, फोनवर बोललेलं तुला कळत नाही, म्हणून दर आठवड्याला तुझे कान मी व्हायचं. हरकत नाही. रिटायर झाल्यापासून मला दुसरं काय काम आहे?

सोमवारी धाकटी सून पिशवी छातीशी धरून पळाली ती दागिने घेऊन नाही. तू तेच समजली असशील. पिशवीत तिच्या वडिलांचे दवाखान्याचे रिपोर्ट होते. सासू दारात उभी राहून म्हणाली, "आज गेलीस तर हे दार तुला बंद." हे वाक्य ती बाई दर पंधरवड्याला म्हणते आणि दार कधीच बंद करत नाही. धाकटीचा नवरा बुधवारी दारू पिऊन आला. त्या मुलाला दारू प्यायलेला दाखवायचा असला की केस विस्कटतात, एवढाच त्याचा अभिनय. एरवी तो विळा हातात धरतो तो कंगव्यासारखा.

म्हणे आपल्याकडची मालिका. वऱ्हाडातलं गाव दाखवायचं म्हणून सगळ्यांच्या तोंडी 'बे' कोंबलाय. सासूसुद्धा सुनेला बे म्हणते. बायका कापूस वेचायला नथ घालून जातात आणि झोळी कमरेला बांधायची ती गळ्यात अडकवतात. लिहिणाऱ्याने कपाशीची पऱ्हाटी पाहिली असेल ती फोटोत.

आता आपल्या मितालीचं. तुला तिच्याशिवाय काही नको असतं, म्हणून शेवटी ठेवलं. थोरल्या जावेचं काम ती बरं करते. पण हाताचे चाळे फार. आपली धाकटी बहीण गेल्यावर तिची ही पोर माझ्याकडे वाढली, गॅदरिंगची भाषणं मी लिहून दिली, आरशासमोर उभी करून पाठ मी करून घेतली. तेव्हापासून सांगत आले, हात शांत ठेव. ऐकेल तर शपथ. या आठवड्यात थोरली विशेष काही बोलली नाही.

तुझी,
रजू


फुलसावंगी
गुरुवार, ११ सप्टेंबर

रजू,

खूप जग आणि थोडं कमी चिडत जा.

थोरली विशेष काही बोलली नाही म्हणतेस, पण शुक्रवारी तर जाहिरात लागेपर्यंत तिचं तोंड हलत होतं. धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली होती. थोरलीने तिची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि मग बोलली. धाकटी रडली. माझ्या शेजारी बसून सूनबाई अर्पिताही रडली. मी तिला विचारलं, काय म्हणाली गं? तर म्हणते, "लय चांगलं बोलली आई," आणि भाकरी टाकायला गेली. आता लय चांगलं म्हणजे काय, ते मी कुणाला विचारू? तूच लिही.

हनुवटी धरणं कुठून आलं ते मी पाहताक्षणी ओळखलं. आधी हसू आलं आणि मग डोळ्याला पदर लावावा लागला. कान गेल्यापासून मी घरात सगळ्यांना तसंच धरते. माझ्या लेकाला नयनला, अर्पिताला, दुकानात गेले तर दुकानदारालाही. ओठ दिसल्याशिवाय मला काही कळत नाही. मिताली दोन वर्षांपूर्वी इथे राहून गेली तेव्हा तिलाही दिवसभर धरून धरून मी बोलायला लावलं होतं. त्या पोरीने ते मनात ठेवलं. आता गावातल्या बायका म्हणतात, "इंदुताई टीव्हीत गेली."

आणखी एक सांग. मिताली बोलते तो आवाज कसा आहे? माझे कान चांगले होते तेव्हा ती शाळकरी होती, चिवचिव बोलायची. पुढचा तिचा आवाज मला माहीतच नाही. जाड आहे की बारीक, गोड आहे की नाही, जमेल तसं लिहून कळव.

सोयाबीन पिवळं पडायला लागलं आहे. पाऊस थांबला तर बरं.

ताई


यवतमाळ
रविवार, २१ सप्टेंबर

ताई,

मागच्या सोमवारी देवीलालची गाडी चुकली, म्हणून दोन आठवड्यांचं एकदम लिहिते.

ते शुक्रवारचं बोलणं. थोरली म्हणाली, मन मोकळं कर. एवढंच. बाकी सगळं पाठीमागचं संगीत होतं. सासूने विहिरीवर मोटर लावायला नकार दिला, दिराने घर सोडायची धमकी दिली, आणि गुरुवारी सासूच्या तोंडावर कॅमेरा तीनदा आपटला. तिचं नाक तीनदा पाहून माझ्या ज्ञानात काही भर पडली नाही. नवीन आलेली ती शहरातली नणंद मात्र चांगली आहे. बाई कमी रडते आणि बसते तेव्हा खरंच थकल्यासारखी बसते.

मितालीचा आवाज आवाजासारखा आहे. त्यात काय सांगायचं?

शेजारच्या नंदाबाई रोज माझ्याकडे मालिका पाहायला येतात. परवा म्हणाल्या, "रजनीताई, पोरगी तुमच्यापाशी वाढली, पण हुबेहूब तुमच्या ताईवर गेली वं." मी चहाचा कप उचलून आत नेला. अजून त्यांचा अर्धा चहा उरला होता.

ताई, तुझ्यापासून काय लपवू? मी रोज चष्मा पुसून टीव्हीसमोर बसते आणि तिच्यात माझं काही दिसतं का ते शोधते. चालणं माझं नाही. पदर खोचणं तुझं. डोक्यावरची पाटी उतरवताना गुडघ्यावर टेकवणं तुझं. बसतानाही ती तुझ्यासारखी एक पाय दुमडून बसते. तू तिला उन्हाळ्याचे पंधरा दिवस आंबे खाऊ घातलेस. मी तिचे ताप काढले, तिच्या वेण्या घातल्या, तिच्यासाठी बदली नाकारली. आणि सगळ्या महाराष्ट्राला दाखवायला तिला सापडला तो तुझा हात. मला त्या हाताचा राग येतो. लिहिताना लाज वाटते, पण येतो.

नवरात्रात इथल्या एका दुर्गोत्सव मंडळाने तिला सत्काराला बोलावलं आहे. एका रात्रीसाठी येणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा शूटिंग. पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवली आहे असं मंडळाचे किसनराव सांगून गेले. मी मोतिया रंगाची साडी इस्त्रीला टाकली.

रजू


फुलसावंगी
गुरुवार, २५ सप्टेंबर

रजू,

नंदाबाईंचा अर्धा चहा वाचून मी एकटीच हसत बसले. अर्पिता धावत आली, काय झालं म्हणून.

जळतेस होय गं माझ्यावर? अगं, तो हात काही हौसेने आलेला नाही. कान गेले म्हणून हात पुढे आला. तुला हवा असेल तर घेऊन जा, बदल्यात तुझे कान दे. आजच्या आज सौदा करते.

तिला वाढवलंस तू, हे काय कुणाला माहीत नाही? पोरी ज्यांच्या घरात वाढतात त्यांचं त्यांना काही दिसत नाही, चार दिवस जिथे पाहुणी जातात तिथलं दिसतं. मी नव्हते का आपल्या मामीसारखी चालायला लागले होते? आईने तेव्हा पाठीत धपाटा घातला होता.

आता नीट ऐक. सत्काराला ती बोलायला उभी राहील, तेव्हा एकेक शब्द लक्षात ठेव आणि मला लिही. मन मोकळं कर, एवढंच, असं चालणार नाही. मोबाइलवर चित्र दाखवणारे पुष्कळ आहेत. चित्र मला दिसतं. शब्द तेवढे तुझ्याकडूनच येतात, आणि तू लिहिलंस की ते खरं असतं.

साडीवर मोत्याचे कानातले घाल.

ताई


यवतमाळ
रविवार, ५ ऑक्टोबर

ताई,

सत्कार झाला. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मिताली हिरव्या साडीत आली, आधी देवीच्या पाया पडली, मग माझ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझ्यासाठी नाही, तिच्या नम्रपणासाठी.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने विचारलं, ते हनुवटीचं काय आहे मॅडम? तर तिने माइक बाजूला ठेवून भर स्टेजवर त्याचीच हनुवटी धरली. सगळा मांडव हसला. मागची पोरं शिट्ट्या मारत होती, बायका एकमेकींच्या हनुवट्या धरून हसत होत्या.

तू एकेक शब्द मागितलास, म्हणून लिहिते. मन घट्ट कर. ती म्हणाली की मालिकेत सारखं रडणं असतं, मध्ये लोकांना हसवायला काहीतरी लागतं. ऐकू न येणाऱ्या माणसाची लकब उचलली की हमखास हसू येतं. तिच्या मनात वाईट नसेल. या धंद्यात असंच चालतं म्हणे. पण मला तुझ्यासाठी वाईट वाटलं. मी तुला आधीच लिहिलं होतं, तिचे हाताचे चाळे मला पसंत नाहीत.

माझं नाव तिने घेतलं, पहिल्या रांगेत बसली आहे म्हणून. असो.

या आठवड्यात मालिकेत सासूला चक्कर आली. बाकी काही नाही.

रजू


फुलसावंगी
गुरुवार, ९ ऑक्टोबर

रजनी,

पत्र मिळालं.

सोयाबीन निघालं. मालिका मी सध्या पाहत नाही, कामं फार आहेत. तेव्हा संवाद लिहायचा त्रास घेऊ नकोस.

ताई


यवतमाळ
रविवार, २६ ऑक्टोबर

ताई,

दिवाळी झाली. तुझ्या हातचे अनारसे आले नाहीत असं या वर्षी पहिल्यांदा झालं. देवीलाल दोन्ही शुक्रवारी रिकाम्या हाताने आला. मी त्याला विचारलं, ताईंची तब्येत बरी आहे ना? तर म्हणाला, "बऱ्या हायेत, पण बोलत नाही जास्त."

तू नको म्हणालीस तरी थोडं लिहिते. सासूची चक्कर म्हणजे हृदयाचा आजार निघाला, आणि आजार निघाल्यावर तिच्या डोळ्यांत जास्त काजळ दिसायला लागलं. धाकटीच्या नवऱ्याने दारू सोडली. कशी सोडली ते दाखवलं नाही, केस विंचरले एवढंच दाखवलं. शहरातली नणंद परत शहरात गेली, म्हणजे बघण्यासारखं जे एक माणूस होतं तेही गेलं.

थोरलीचं नेहमीप्रमाणे. लोक अजून ते हनुवटीचंच घेऊन बसले आहेत. काल आमच्या किराणावाल्याने उधारी मागायला आलेल्या माणसाची हनुवटी धरली. किती दिवस चालणार हे?

तू रागावली असशील तर मितालीवर रागाव. मी फक्त ऐकलेलं लिहिते. दोन ओळी तरी पाठव.

रजू


फुलसावंगी
गुरुवार, ६ नोव्हेंबर

आदरणीय मावशी,

मी तुम्हाला आजवर पत्र लिहिलं नाही, चूक झाली तर सांभाळून घ्या. आई झोपल्या आहेत. त्यांना न सांगता लिहिते आहे.

आईंनी आमची तोंडं धरणं सोडून दिलं आहे. आधी दिवसातून किती वेळा माझी हनुवटी ओढायच्या, कधी कधी मला वैताग यायचा, कणकेचे हात असताना सुद्धा ओढायच्या. आता कुणी बोललं की जमिनीकडे बघतात आणि हो हो म्हणतात. परवा ह्यांनी विचारलं, "आई, जेवली काय?" तर म्हणाल्या, हो. जेवल्या नव्हत्या. शेजारची सोयरीक मोडली ते त्यांना चार दिवसांनी कळलं. ओट्यावर बसत नाहीत. बायका आल्या आणि गमतीने एकमेकींच्या हनुवट्या धरून हसल्या की ह्या उठून आत जातात. त्या बायका त्यांच्या कौतुकानेच करतात मावशी, पण आईंना नुसतं हसणं दिसतं.

यवतमाळच्या सत्काराची क्लिप मी त्यांना मोबाइलवर दाखवली. वाटलं होतं खूश होतील, मितालीताई इतकं सुंदर बोलल्या. त्यात आधी ती हनुवटी धरल्याची गंमत येते, सगळे हसतात. तेवढं पाहूनच त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मी त्यांना पुढचं सांगायला गेले तर मान फिरवून घेतली. म्हणाल्या, "माह्यं मन नको राखू. मले खरं कळलं हाय."

खरं काय कळलं, ते मला माहीत नाही. तुमची पत्रं त्या कुणाला दाखवत नाहीत आणि मी वाचत नाही. एवढं माहीत आहे की आमच्या कुणाच्या सांगण्यावर आता त्यांचा विश्वास नाही, तुमच्या लिहिण्यावर आहे. म्हणून तुम्हीच लिहा.

तुमची,
अर्पिता


यवतमाळ
रविवार, ९ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

मिताली तसं बोलली नव्हती. हसवण्याचं, ऐकू न येणाऱ्यांचं, ते सगळं मी माझ्या मनाने लिहिलं. ती काय बोलली ते मला पाठ आहे, कारण त्या रात्रीपासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. लोक हसून शांत झाल्यावर ती म्हणाली:

"माही इंदुमावशी हाय फुलसावंगीची. तिले ऐकू येत नाही. पण त्या घरात सगळ्यात जास्त मावशीच ऐकते. आपण काय करतो? मोबाइलात पाहत पाहत हो-हो म्हणतो. मावशी तुमचं तोंड धरते, आपल्याकडं वळवते, मंग ऐकते. तिच्यापुढं कोणाले खोटं बोलता येत नाही. मले ही थोरली सापडत नव्हती. डायलॉग पाठ होते, बाई सापडत नव्हती. मंग मावशीचा हात आठवला, न् सापडली."

मांडव एकदम शांत झाला. नंदाबाई रडत होत्या. आणि मी मोतिया साडी नेसून, मोत्याचे कानातले घालून पहिल्या रांगेत वाट बघत होते, की आता माझं नाव येईल. आलं. ती म्हणाली, "आणि रजनीमावशीनं मले वाढवलं, थे समोर बसली हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक ओळ, ताई. इतक्या वर्षांची एक ओळ. तुझ्या वाट्याला शांतता आली आणि माझ्या वाट्याला टाळ्या. घरी येऊन मी पत्र लिहायला बसले तेव्हा मला कळत होतं मी काय लिहिते आहे. तुझा तो हात खाली यावा असं मला वाटत होतं. तो खरंच खाली येईल हे मात्र वाटलं नव्हतं.

सप्टेंबरातलं ते शुक्रवारचं बोलणंही मी गाळलं. थोरली धाकटीला म्हणाली होती, "बाई वं, तोंड इकडं कर, मंग बोल. आजवर तू भिंतीसंग बोलत होती, म्हणून कोणी ऐकलं नाही. मी ऐकतो. तू बोल." अर्पिता उगीच रडली नव्हती. मीही रडले होते, पण चिडून.

मला अजूनही तुझा हेवा वाटतो. हे लिहिल्याने तो गेला असं समजू नकोस. पण नयनची हनुवटी धर. अर्पिताची धर. जेवलीस का म्हणून कुणी विचारलं तर त्याच्या तोंडाकडे बघून खरं सांग.

रजू


फुलसावंगी
गुरुवार, १३ नोव्हेंबर

रजू,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तुझा राग आला. अजून आहे. मी कान गेल्याचं दुःख केलं नाही, कारण तुझी पत्रं होती. तू असं करायला नको होतंस. आई असती तर तुझ्या पाठीत धपाटा घातला असता आणि मी मध्ये पडले नसते.

काल संध्याकाळी अर्पिता दिवा लावत होती. मी तिची हनुवटी धरली. बिचारी इतकी दचकली की काडी विझली. मी तिला म्हटलं, मला एक खरं सांग, मन राखू नको. मिताली बोलते तो आवाज कसा आहे? तुला मी हे विचारलं होतं आणि तू लिहिलंस, आवाजासारखा.

अर्पिता म्हणाली, "आई, तुम्हाले माहीत नाही काय? रजनीमावशीचाच आवाज हाय थो. डोळे मिटून ऐकलं तर मावशीच बोलून राह्यल्या असं वाटते. शब्द संपताना थोडं थांबणं, कोणाले दम द्यायचा तर आवाज वर न नेता खाली आणणं, सगळं तेच." मी नयनला बोलावून त्याचीही हनुवटी धरली. तोही म्हणाला, "हो. साऱ्यांनाच माहीत हाय हे."

म्हणजे तुझ्याखेरीज साऱ्यांना. तू चष्मा पुसून पुसून तिच्यात स्वतःला बघत बसलीस. बघून कसं सापडेल? आरशासमोर उभी करून तू तिला बोलायला शिकवलंस ना, मग ती तुझ्यासारखी बोलणारच. आपला आवाज आपल्याला कुठे ओळखू येतो.

आता माझं ऐक. गावभर सगळ्यांना माझा हात दिसतो, तो मलाही दिसतो. तुझं जे तिच्यात आहे ते सगळ्या महाराष्ट्राला रोज ऐकू येतं, ते एकट्या मला येत नाही. आपल्या धाकटीच्या पोरीच्या तोंडून माझी रजू बोलते, आणि मी समोर बसून नुसते ओठ बघते. काल रात्रभर मला तुझा इतका हेवा वाटला की तुझ्यावरचा राग थोडा मागे पडला.

सोमवारी देवीलाल गाडी घेऊन येईल तेव्हा त्याच्या शेजारची सीट रिकामी असते. पत्र पाठवू नकोस, तू ये. रात्री मालिका लागली की टीव्हीकडे पाठ करून माझ्यासमोर बस आणि थोरली जे बोलेल ते तिच्या मागोमाग बोलत जा. हात मी तुझ्या गळ्यावर ठेवीन. आवाज घशात कसा हलतो ते हाताला कळतं, नयन लहान असताना अंधारात आवाज दाबून रडायचा, तेही मी तसंच ओळखायचे.

अनारशाचं पीठ आंबवून ठेवलं आहे.

ताई